लाल पेनवाल्या साहेबांना

साहेब,



हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकलं असतं तर कुणीतरी ते फाइलला लावलं असतं आणि विषय संपला असता, म्हणून उघड लिहितो आहे. तुमचं, तुमच्या कंपनीचं किंवा त्या कॉलेजचं नाव इथे येणार नाही. सातारा-सांगलीकडची मुलं नोकरीच्या मुलाखतीला जातात तेव्हा टेबलापलीकडे तुमच्यासारखा एक तरी माणूस हटकून बसलेला असतो. वाचताना ज्याचे कान गरम होतील, त्याने हे पत्र आपल्यालाच आलंय असं धरून चालावं.

माझा आरोप सरळ आहे. इंग्रजी व्याकरणाचं नाव पुढे करून तुम्ही एका हुशार मुलीचं तोंड बंद केलंत. आणि ज्या व्याकरणाने केलंत, त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

आठवण करून देतो. सांगलीतलं ते सभागृह. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं. एकेकाने पुढे यायचं, आपल्या प्रकल्पावर इंग्रजीतून बोलायचं, बाकीच्यांनी समोर बसून ऐकायचं. या मुलांची इंग्रजीची तयारी करून घेणारा मास्तर म्हणून मी मागच्या रांगेत होतो. आटपाडी तालुक्यातली एक मुलगी उठली. घरी डाळिंबाची बाग, आणि प्रकल्प डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा. तेल्या काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, त्यावरची औषधं तुमची कंपनी विकते. पडद्यावर तिने स्वतः काढलेला फोटो होता. डाळिंबाच्या सालीवर तेलकट काळे डाग, आणि त्या डागांतून इंग्रजी वाय अक्षरासारखी उललेली भेग. ज्याने बाग केली आहे त्याला ती भेग बघून पोटात कालवतं. अशा एका भेगेपायी फळ बाजारातून बाद होतं, आणि अशी फळं बागभर झाली की शेतकरी कुऱ्हाड घेऊन झाडांकडे जातो.

तिने ओळख करून द्यायला सुरुवात केली. "आय ॲम हॅविंग टू यंगर ब्रदर्स," एवढं बोलली, आणि तुम्ही हात वर केलात. "हॅविंग देम फॉर लंच?" सभागृह हसलं. तीही हसली, कारण दुसरं काय करणार. पुढे तिने आपल्या गावाबद्दल सांगताना "द व्हिलेज आय कम फ्रॉम" म्हटलं. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येत नाही, असं तुम्ही बजावलंत. हा विषय का निवडला, या तुमच्याच प्रश्नाला तिने "बिकॉज" म्हणून सुरुवात केली. बिकॉजने वाक्य सुरू होत नाही, तुम्ही म्हणालात. मग ती मूळ मुद्द्यावर आली: "इन मृग बहार दिस डिसीज इज कमिंग मोर." तुम्ही पुन्हा हात वर केलात. "कम्स. नॉट इज कमिंग."

त्यानंतर ती बोललीच नाही. म्हणजे उभी होती, पण विचारलेल्याला "येस सर", "नो सर" एवढंच. हातातल्या टिपणांच्या कार्डांपैकी अर्ध्याहून जास्त तिने न वाचता पर्समध्ये घातली. त्या कार्डांवर काय होतं ते मला माहीत आहे, कारण ती मी आधी वाचली होती. मृग बहार धरला की फळ नेमकं पावसाळ्यात पोसतं. पावसाच्या थेंबांबरोबर जिवाणू या फळावरून त्या फळावर उडतो, ओल्या पानांवर मुक्काम करतो. हस्त बहार धरला तर फळ कोरड्या हवेत वाढतं आणि तेल्याचा जोर कमी राहतो. हे पुस्तकात आहेच. पण तिने ते आपल्या तालुक्यातल्या बागांमध्ये फिरून, कोणी कुठला बहार धरला आणि किती फळ बाद झालं ते विचारून, वहीत उतरवून पडताळलं होतं. तुमची कंपनी ज्या माहितीसाठी माणसं नेमते, ती माहिती तुमच्या समोर उभी होती. तुम्ही तिला "कम्स" एवढं सुनावलंत आणि पुढच्या मुलाला बोलावलंत.

आता तुमच्या चारही दुरुस्त्या तपासू. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, तुमचीही तपासतो.

पहिली दुरुस्ती बरोबर. "हॅव" हवं होतं. चौथीही बरोबर, "कम्स" हवं होतं. दुसरी चूक. प्रीपोझिशनने वाक्य संपवू नये, ही कुरकुर जॉन ड्रायडन या कवीने १६७२ साली केली, आणि ती केली बेन जॉन्सनच्या लिखाणावर, जो तेव्हा हयातही नव्हता. पुढे रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूने १७६२ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्याने गंभीर लिखाणात हे टाळावं असं सुचवलं, पण बोलताना इंग्रजीचा ओढा याच रचनेकडे आहे हेही मान्य केलं, आणि ते मान्य करणारं वाक्यच त्याने प्रीपोझिशनने संपवलं. एच. डब्ल्यू. फाउलरचा इंग्रजी वापराचा कोश १९२६ साली निघाला, त्यात या नियमाला अंधश्रद्धेच्या रांगेत बसवलं आहे. म्हणजे ज्या नियमाने तुम्ही आटपाडीच्या मुलीला थांबवलंत, तो नियम खुद्द इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी निकालात निघाला होता.

तिसरीही चूक. "का?" असं विचारल्यावर "कारण" म्हणून उत्तर द्यायचं नाही तर काय म्हणून द्यायचं? बिकॉजने वाक्य सुरू करू नये, हे लहान मुलांना सांगतात, कारण ती "बिकॉज इट वॉज रेनिंग" एवढं लिहून पूर्णविराम देतात आणि वाक्य लोंबकळत राहतं. मुलाला दिलेली तात्पुरती सूचना तुम्ही डोक्यात तशीच ठेवलीत, मोठे झालात, साहेब झालात, आणि आता ती कायदा म्हणून दुसऱ्यावर लावता. चारपैकी दोन बरोबर. माझ्या वर्गात याला काठावर पास म्हणतात.

आणि एक गोष्ट तुमच्या कानाला खटकली नाही, ती मी टिपून ठेवली. तिला बोलतं करताना तुम्ही म्हणालात, "लेट अस डिस्कस अबाउट युवर प्रोजेक्ट." डिस्कसच्या पुढे अबाउट येत नाही, साहेब. ते का आलं तेही सांगतो. आपण मराठीत प्रकल्पाबद्दल चर्चा करतो. तो "बद्दल" तुमच्या जिभेवर बसलेला आहे, तो इंग्रजीत शिरताना अबाउट होऊन आला. मराठीत "माझ्याकडे आहे", "मला आहेत" असं म्हणतात. "हॅव" या क्रियापदाला मराठीत जोडीदारच नाही. म्हणून ती मुलगी वर्गात पाठ केलेलं "ॲम" आणि "हॅविंग" जोडून वाक्य उभं करते. तिची चूक जिथून आली तिथूनच तुमची आली. दोघांच्याही इंग्रजीखाली आईची भाषा आहे. फरक इतकाच की तुम्ही चुकलात तेव्हा सभागृहात कुणी हसलं नाही.

कुणी असं समजू नये की मी व्याकरणाच्या विरोधात उभा आहे. मी कट्टर आहे. मुलाने "डिडन्ट वेन्ट" लिहिलं तर मी ते सोडत नाही. दोन स्वतंत्र वाक्यं स्वल्पविरामाने चिकटवली तर मी वही परत करतो. दुकानाच्या पाटीवर अनेकवचनाच्या एसआधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी दिसली तर आत जाऊन सांगतो, आणि दुकानदार रंगाऱ्याचं नाव सांगतो, मग रंगाऱ्याला गाठतो. हे मला महत्त्वाचं वाटतं, आणि का वाटतं ते दुधाच्या मुलखात राहणाऱ्याला चटकन कळेल. अमेरिकेत मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या ट्रक-ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमचे पैसे मागितले. राज्याच्या कायद्यात कुठल्या कामाला ओव्हरटाइम मिळणार नाही त्याची यादी होती. यादीच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असे शब्द होते, पण त्या "ऑर"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग "पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग" एवढंच वगळलंय, की वितरण हे वेगळं काम म्हणून वगळलंय? ड्रायव्हर पॅकिंग करत नव्हते, ते नुसतं दूध पोचवत होते. २०१७ साली अपील कोर्टाने निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला, आणि पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. गाडी हाकणाऱ्या माणसांच्या पदरात हे पैसे एका न दिलेल्या स्वल्पविरामामुळे पडले.

भिलवडीपासून फलटणपर्यंत पहाटे दुधाच्या गाड्या धावतात. त्यातल्या एखाद्या ड्रायव्हरच्या मुलाला उद्या इंग्रजीतला करार वाचावा लागेल. तासगावचा बागायतदार युरोपला द्राक्षं पाठवतो. औषधाच्या डब्यावरच्या लेबलात काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते इंग्रजीत असतं, आणि ते एक वाक्य चुकीचं वाचलं तर अंश सापडून कंटेनर अडकतो. म्हणून मला इंग्रजी नीट हवी आहे. या लोकांच्या हातात हवी आहे. तुम्हाला ती त्यांच्या अंगावर उगारायला हवी आहे. माझं तुमच्याशी भांडण इथे आहे.

हा मुलूख व्याकरणाला परका आहे, असं तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तेव्हा थोडं ऐकून घ्या. कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. सुधारक म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत, हॅम्लेटचं 'विकारविलसित' करणारे म्हणूनही काहींना. पण १८८८ साली, ज्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला त्याच वर्षी, त्यांचं 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तकही निघालं. बालविवाह आणि केशवपनावर समाजाशी झुंजणारा माणूस त्याच दिवसांत मराठी वाक्याचं उद्देश्य कुठलं, विधेय कुठलं, गौण वाक्य मुख्य वाक्याला कसं जोडलेलं असतं, हे उलगडून दाखवत होता. वाक्य सोडवण्याची ही रीत इंग्रजी शिक्षणातून आली, आणि आगरकरांनी ती मराठी विद्यार्थ्याच्या हातात दिली. विरामचिन्हांचंही तसंच. जुना मोडी कागद बघा. शब्दही सुटे नाहीत, मग स्वल्पविराम कुठला? मेजर थॉमस कॅंडी या इंग्रजाने १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ही चिन्हं मराठीत कशी वापरायची ते समजावून दिलं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण त्याच्याही आधीचं, १८३६ सालचं. मी या तिघांची नावं एका दमात घेतो, कारण तिघांनीही एकच काम केलं: न येणाऱ्याला येईल अशा रीतीने लिहून ठेवलं. चुकणाऱ्याला हसायला यांच्यापैकी कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत होते, तिनेच १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिथे इंग्रजी शिकवत. कानडी घरातला प्राध्यापक मराठी मुलांना इंग्रजी शिकवतो, हे सांगलीला तेव्हा नवं नव्हतं आणि आजही नसावं.

साताऱ्याचं उदाहरण अजून जुनं आहे. कंपनी सरकारने १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहिले. इंग्रजांच्या दारात, इंग्रजांच्या भाषेत छापलेली निवेदनं घेऊन त्यांनी दाद मागितली. दाद मिळाली नाही. महाराज काशीलाच वारले आणि १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं. ती निवेदनं फेटाळणाऱ्यांना वाक्यं समजली नव्हती असं नाही. समोरच्याला ऐकायचंच नसेल तर भाषा कितीही बिनचूक असून उपयोग होत नाही, हे साताऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे. तुमच्यासमोर ती मुलगी "कम्स" म्हणाली असती तरी तुम्ही तेल्याबद्दल ऐकून घेतलं असतं, याची मला खात्री वाटत नाही.

त्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. त्या शाळेत त्याला बसायला वेगळं गोणपाट, आणि ते रोज घरून न्यायचं नि घरी आणायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. हे सगळं त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे, इतक्या साध्या आणि स्वच्छ इंग्रजीत की मी ते पान वर्गात वाचून दाखवतो तेव्हा नववीतल्या पोरालाही शब्द अडत नाही. ती इंग्रजी कुठून आली? घरातून आली. वडील रामजी सुभेदारांनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटून घेतल्या. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, चुकलं तर पुन्हा करायचं. सुभेदार कडक होते. कडक असण्याला माझी हरकत नाही. त्यांना आपला मुलगा पुढे जायला हवा होता, म्हणून ते कडक होते. तो पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला आणि या देशाच्या राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यातल्या शब्दाशब्दाला सभागृहात उत्तर देत उभा राहिला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, हाताने कामं करायची, शिकायची. त्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, प्राचार्य झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' त्यांनी इंग्रजीत नेली, ते भाषांतर राज्य सरकारने १९९१ साली छापलं. बोर्डिंगात आलेल्या पहिल्या दिवशी या मुलांच्या इंग्रजीत काय काय चुका असतील याची कल्पना करा. तिथे तुम्ही परीक्षक असता तर त्यातलं एकही पोर साताऱ्याच्या बाहेर पडलं नसतं.

आता शिक्षण बाजूला ठेवून बाजाराकडे चला. विटा, खानापूर, आटपाडी, तिकडे माण-खटाव, इथली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचं काम. केरळातल्या, तमिळनाडूतल्या लहान लहान गावांत यांची दुकानं आहेत. गावाकडे शाळा सोडून गेलेलं पोर भट्टीपुढे बसतं आणि काही काळात गिऱ्हाइकाशी तमिळ नाहीतर मल्याळम बोलायला लागतं. सोन्याच्या शुद्धतेवर घासाघीस करायची, ती त्याच भाषेत. त्याने तमिळचं व्याकरण कधी उघडलेलं नाही. पहिल्यांदा तो मोडकंतोडकं बोलला तेव्हा समोरच्या सोनाराने त्याला बरोबर शब्द सांगितला आणि व्यवहार पुढे नेला, कारण सोनाराला काम हवं होतं, तमाशा नको होता. दिवाळीला गावी आल्यावर हीच माणसं पारावर बसून फोनवर खणखणीत तमिळ बोलतात. त्यांनाच कुणी इंग्रजीत काही विचारलं की ती मान खाली घालतात. मान खाली घालायला त्यांना तमिळने शिकवलेलं नाही. ते आमच्या शाळांनी शिकवलं आणि तुमच्यासारख्यांनी पक्कं करून घेतलं.

शाळांचंही सांगतो, कारण ती जबाबदारी माझ्या जातभाईंची आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. निर्णयाचा हेतू चांगला होता, खेड्यातल्या पोराला शहरातल्या पोराइतकंच लवकर इंग्रजी मिळावं. पण वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत गणित, परिसर, मराठी शिकवणाऱ्या गुरुजींनीच इंग्रजीही शिकवायची होती, आणि त्यांच्या कानावर बोललेली इंग्रजी फारशी पडलेलीच नव्हती. मग काय झालं? धड्याचा मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर, ती उतरवून घ्यायची, पाठ करायची. पुढे सेमी-इंग्रजीत विज्ञान-गणिताच्या संज्ञा इंग्रजीतून आल्या, बोलणं मराठीतूनच राहिलं. ही मुलगी पहिलीपासून पंधरा-सोळा वर्षं इंग्रजी शिकली, आणि अनोळखी माणसासमोर उभं राहून सलग दहा वाक्यं इंग्रजीत बोलण्याची वेळ तिच्यावर तुमच्या सभागृहात पहिल्यांदा आली. त्या दहा वाक्यांत तुम्ही तिला चारदा अडवलंत.

एखादा गोरा पाहुणा व्यासपीठावर येऊन "नमस्कार, मला सांगली खूप आवडतो" म्हणाला की आपण टाळ्या वाजवतो. आवडतो की आवडते, याकडे कुणी बोट दाखवत नाही, उलट बघा किती प्रयत्न करतोय म्हणून कौतुक होतं. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतली मुलं "माझी मराठी वीक आहे" असं सांगतात ते मिरवल्यासारखं सांगतात, आणि आपण ते गोड मानून घेतो. मग आटपाडीच्या मुलीने तिसऱ्या नाहीतर चौथ्या भाषेत केलेल्या प्रयत्नालाच तेवढं हसायचं, हा न्याय कुठल्या व्याकरणात लिहिलाय? तुम्ही व्याकरणाचा आग्रह धरता हे खोटं आहे. तुम्ही माणूस बघून आग्रह धरता.

चूक दाखवायची रीत असते, ती तुम्हाला कुणी शिकवली नसेल तर मी सांगतो. ती "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" म्हणाली, तर तुम्ही म्हणायचं, "यू हॅव टू ब्रदर्स? आर दे ऑल्सो स्टडीइंग?" बरोबर रूप तिच्या कानावर पडतं, बोलणं थांबत नाही, आणि शंभरातली साठ मुलं पुढच्या वाक्यात स्वतःहून सुधारतात. हे मी वर्गात रोज बघतो. अर्थ बदलवणारी चूक असेल, "बिफोर"च्या जागी "आफ्टर" आलं असेल, तर तिथे जरूर थांबवा, कारण फवारणीच्या बाबतीत त्याने पीक जातं. बाकीच्या चुका कागदावर टिपा. बोलणं संपल्यावर बाजूला बोलावून त्यातल्या दोन सांगा, सगळ्या नकोत. आणि सांगताना नियम कुठून आला ते माहीत असू द्या, नसेल तर घरी जाऊन फाउलर उघडा. लाल पेन हातात असलेल्याला एवढा अभ्यास करावाच लागतो. मीही करतो.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. तुमच्या कंपनीच्या त्या दिवसाच्या यादीत तिच्या नावापुढे "कम्युनिकेशन पुअर" असा शेरा आहे, तो खोडा. तिचं म्हणणं तुम्ही ऐकलंच नाही, तेव्हा ते पोचवण्यात ती कमी पडली असं लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही. आणि दुसरं, तिला पुन्हा बोलवा. मराठीत बोलू द्या, इंग्रजीत बोलू द्या, ती दोन्हींत मिसळून बोलली तरी चालवून घ्या. पण हस्त बहाराची ती कार्डं शेवटच्या कार्डापर्यंत ऐका. यंदा पाऊस लांबला तर आटपाडी-सांगोल्याच्या बागांमध्ये तेल्या पुन्हा डोकं काढेल. तेव्हा तुमची औषधं घेऊन बांधावर जाणारा माणूस शेतकऱ्याशी कुठल्या भाषेत बोलणार आहे, याचाही विचार तिला बोलावण्याआधी करून ठेवा.

उत्तराची वाट बघतो. इंग्रजीत लिहिलंत तरी हरकत नाही, मी चुका दुरुस्त करून परत पाठवीन, पण पाकीट बंद करून.

कळावे,

सातारा जिल्ह्यातला एक इंग्रजीचा मास्तर